गाडीचे तेल, बाबांना न विचारता

ती. आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

परवा निघताना गाडीची किल्ली बाबांच्या हातात देऊन मी "सर्व्हिसिंग करून आणली आहे" एवढेच म्हटले आणि घाईघाईने निघाले. ते अर्धेच खरे होते. गाडीत कोणते तेल भरले, कोणती गळती थांबवली आणि कोणती मुद्दाम तशीच ठेवली, हे बाबांना विचारून ठरवायला हवे होते. मी विचारले नाही, कारण विचारले असते तर बाबा सतरंजी अंथरून पुन्हा गाडीखाली शिरले असते. म्हणून निर्णय आधी झाला आणि पत्र नंतर होत आहे. फोनवर सांगता आले असते, पण फोनवर बाबा "बरं" एवढेच म्हणतात आणि त्या "बरं"चा अर्थ मी पुढचे तीन दिवस लावत बसते.

आधी माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या नव्या गाडीत घालतात तेच ५डब्ल्यू-३० ग्रेडचे पूर्ण सिंथेटिक तेल मी हौसेने आपल्या गाडीत भरून घेतले. "ही गाडी २०डब्ल्यू-५०वर वाढली आहे गं," असे बाबा म्हणाले होते आणि मी ते हसण्यावारी नेले होते. चार महिन्यांत पोर्चमध्ये पहिला डाग दिसला. बाबांनी मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही. गुपचूप पुठ्ठा अंथरला आणि दर चार दिवसांनी वरून तेल घालत राहिले. आईनेही तक्रार केलेली नाही, बाबा, तिच्यावर रागावू नका. जुना टॉवेल गॅरेजच्या खुंटीवर का आहे, असे मी खोदून खोदून विचारले, तेव्हा कुठे तिने सांगितले की गाडीखालून उठताना तुम्हाला दोनदा चक्कर आली आणि तुम्ही बॉनेट धरून उभे राहिलात.

माझ्या तेलाने गळती सुरू झाली, हे मात्र पूर्ण खरे नाही, आणि हे मी स्वतःला वाचवण्यासाठी लिहीत नाही (थोडेसे त्यासाठीही लिहीत असेन). इंजिनाचे सील आणि पॅकिंग इतक्या वर्षांच्या उष्णतेने आधीच कडक झाले होते. त्यांच्या बारीक भेगांत जुन्या तेलाचा गाळ बसला होता आणि खरे तर तो गाळच तेल अडवून धरत होता. नव्या तेलातल्या धुऊन काढणाऱ्या रसायनांनी तो सोडवला आणि पातळ तेलाला वाट मिळाली. सिंथेटिक तेल रबर खाते, असे बाबा म्हणतात, त्याला जुना आधार आहे. सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या सिंथेटिक तेलांनी काही सील आक्रसत असत. आताच्या तेलांत त्यावर उपाय केलेला असतो. तेव्हा दोष सिंथेटिकपणाचा नाही; एवढ्या जुन्या इंजिनाला एवढे पातळ तेल देण्याचा आहे, आणि तो माझा आहे.

आता जे भरले आहे ते १५डब्ल्यू-४० आहे, सेमी-सिंथेटिक, जास्त किलोमीटर झालेल्या इंजिनांसाठी बनवलेले. बाबा, तुम्हाला २०डब्ल्यू-५० हवे होते हे मला माहीत आहे. डॅशबोर्डच्या खणातल्या मॅन्युअलमध्ये तापमानानुसार ग्रेडचा तक्ता आहे, त्यात तुमचेही आहे आणि हेही आहे. मी कंपनीच्या सांगण्याबाहेर गेलेले नाही. तुम्हाला आकडे लागतात म्हणून आकडे देते. मागचा अंक तेल शंभर अंश सेल्सिअसला किती दाट राहते ते सांगतो: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स (हे दाटपणाचे माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे माझ्या तेलापेक्षा हे तापल्यावर चांगलेच दाट आहे. डब्ल्यूच्या आधीचा अंक थंडीतल्या वाहतेपणाचा. तो जितका लहान तितके तेल थंड असताना लवकर वर पोहोचते. गाडी आता आठवड्यातून दोनदाच निघते, त्यामुळे प्रत्येक वेळी सगळे तेल खाली चेंबरमध्ये उतरलेले असते आणि किल्ली फिरवल्यावर वर टॅपेटपर्यंत (झडपा ढकलणाऱ्या भागांपर्यंत) ते पोहोचेपर्यंतचे क्षण इंजिनाला फार जड जातात. २०डब्ल्यू-५०ने गळती थोडी मंदावली असती, पण ते क्षण लांबले असते. रोज गाडी काढणाऱ्या बाबांसाठी मी कदाचित तुमचेच तेल निवडले असते.

आणखी एक कारण आहे, आणि ते वाचल्यावर तुमचा राग निम्मा तरी उतरावा. आपल्या इंजिनात टॅपेटला रोलर नाही, कॅम (टॅपेटला ढकलणारा फिरता उंचवटा) थेट त्यावर घासतो. अशा घासणाऱ्या भागांना तेलातले जस्त आणि फॉस्फरस यांचे संयुग वाचवते. नव्या पेट्रोल तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जपण्यासाठी ३० ग्रेडपर्यंतच्या पातळ तेलांना फॉस्फरसची मर्यादा घातली आहे, ०.०८ टक्के, १५डब्ल्यू-४०ला ती लागू नाही. म्हणजे दोन वर्षे मी तुमच्या कॅमवरही थोडा अन्यायच केला. डब्यावर एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) खूण पाहून घेतली आहे. पेट्रोलच्या तेलाला एसने सुरू होणारी अक्षरे असतात, डिझेलच्या तेलाला सीने. पेट्रोलच्या तेलांत २०१० पासून एसएन आणि २०२० पासून एसपी ही अक्षरे आली. पुढे कधी डबा आणावा लागला तर एवढे पाहा आणि "जाड द्या" असे मोघम सांगू नका.

जुने तेल काढले तेव्हा मला हसू आले आणि नंतर वाईट वाटले. इंजिनात साडेतीन लिटर मावते. भांड्यात सव्वाचार लिटर निघाले. लहानपणी माझ्या कंपासपेटीत दोन जास्तीच्या पेन्सिली घालणारे तुम्हीच, त्यामुळे नवल वाटले नाही. पण बाबा, तेल कमाल खुणेच्या वर गेले की फिरणारा क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) त्यात बुडतो, तेल घुसळून त्याचा फेस होतो आणि फेसाला नीट दाब धरता येत नाही. तुम्ही वरून घालत होता ते २०डब्ल्यू-५० माझ्या तेलात मिसळले, त्याने काही बिघडले नाही. पेट्रोल इंजिनाची प्रमाणित तेले एकमेकांत मिसळतात. जास्त झाले एवढेच.

गळती शोधताना मी मेकॅनिकच्या शेजारी स्टूल टाकून दोन तास बसले होते. त्यांनी आधी सगळे इंजिन धुऊन कोरडे केले, कारण धूळ आणि तेल यांचा थर असताना जिकडे पाहावे तिकडे ओलेच दिसते. मग वीस मिनिटे गाडी चालवून आणली. तेल खाली आणि मागे वाहत जाते, म्हणून थेंब जिथे पडतो तिथे न पाहता सर्वांत वरची ओली जागा पाहायची. ती सापडली टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात: चमकणारी, नखाएवढी. तिथून एक बारीक ओघळ सायलेन्सरच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर उतरत होता आणि त्याची धुराची एक रेघ वर येत होती. आई, गाडीत बसल्यावर जळका वास येतो असे तू म्हणायचीस आणि आम्ही दोघे तुझ्या नाकाला हसायचो, तो हाच वास. त्याबद्दल तुझी मनापासून माफी मागते. तापलेल्या लोखंडावर पडणारे तेल पेटूही शकते. सगळ्या गळत्यांत हीच खरी धोक्याची होती.

कव्हर उघडले तर पॅकिंग वाळलेल्या चामड्याच्या वादीसारखे निघाले; वाकवताच त्याचे दोन तुकडे झाले. कव्हरचे बोल्ट कोणीतरी गळती थांबावी म्हणून फार आवळलेले होते. कोणी, ते मी विचारणार नाही. बोल्ट जास्त आवळला की पॅकिंग दबून बाहेर येते, कव्हरची कडा वाकते आणि गळती वाढते, एवढेच लिहून ठेवते. कव्हर सपाट करून नवे पॅकिंग बसवले. पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी झडप) बदलला. तो हलवल्यावर आत खुळखुळ वाजायला हवा, आपला अगदी मुका होता. तो चोंदला की इंजिनातला वायू कोंडतो आणि सापडेल त्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो, म्हणून तो न बदलता नुसते पॅकिंग बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. चेंबरच्या ड्रेन नटचा वॉशर नवा घातला. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही ना, हे मी स्वतः बोट फिरवून पाहिले. माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये दोन रिंगा एकावर एक बसल्या होत्या आणि घरी पोहोचेपर्यंत निम्मे तेल रस्त्यावर गेले होते.

आता ज्यासाठी हे सगळे लांबण लावले ते लिहिते. क्रँकचे मागचे सील बदललेले नाही. ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये असते. हाताएवढ्या रबरी रिंगेसाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तिथून रात्रभरात दोन थेंब पडतात. बाबा, तुम्ही आयुष्यभर एकही काम अर्धवट सोडले नाही आणि तुमच्या गाडीखाली मी दोन थेंब सोडून आले आहे, हे लिहिताना मला संकोच वाटतो. पण तेल झिरपणे वेगळे आणि गळणे वेगळे. नव्या तेलात रबराला किंचित फुगवून मऊ करणारे घटक आहेत, त्याने काही महिन्यांत ते दोनाचे एक होईल, किंवा होणारही नाही. पुढे क्लच घसरू लागला, म्हणजे इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही असे वाटले, तर तेल क्लच प्लेटवर पोहोचले असे समजून गिअरबॉक्स उतरवू आणि क्लच आणि सील एकदमच बदलून टाकू. तोपर्यंत नाही. मधल्या काळात कोणी सुचवले म्हणून गळती थांबवणाऱ्या बाटल्या आत ओतू नका. त्या चांगल्या सीललाही गरजेपेक्षा मऊ करतात.

गाडी विकायची नाही, हे दोघांनाही स्पष्ट सांगते. आईला तपासणीला नेणारी गाडी हीच राहील, मागच्या सीटवरची तिची पाठीची उशी मी धुऊन जागेवर ठेवली आहे, आणि खिडकी उघडी ठेवून बसायची गरज आता पडणार नाही.

आता थोडी दटावणी. बाबा, गाडीखाली जायचे नाही. टॉर्च घेऊन नाही, आरसा घेऊन नाही, "फक्त एक मिनिट" म्हणूनही नाही. पाहायचे ते वरून पाहा. दर रविवारी सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, सपाट जागेवर, डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग वाचा. मी पाच वर्षांची असताना तिला गाडीचा थर्मामीटर म्हणायचे आणि "ताप नाही" असे तुम्ही मला गंभीरपणे सांगायचात. डाव्या हाताने पुसायचे आणि उजव्या हाताने धरायचे, हे मी तुमच्याकडूनच शिकले. दोन खुणांच्या मध्ये तेल असेल तर हात लावायचा नाही. निम्म्याखाली गेले तर पाव लिटर घाला, थोडे थांबा, पुन्हा मोजा. त्याच तेलाचा एक लिटरचा डबा कपाटाच्या खालच्या नव्हे, मधल्या फळीवर ठेवला आहे, म्हणजे वाकावे लागणार नाही.

चालताना तेलाचा लाल दिवा लागला तर घर जवळ आले आहे वगैरे विचार न करता बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तो दिवा तेल कमी होण्याची आगाऊ सूचना देत नाही, दाब गेला असे सांगतो, आणि तेव्हा मोजायला मिनिटेच उरतात. सायलेन्सरमधून निळा धूर दिसला तर सुरू करताना दिसतो की वेग वाढवताना, एवढे लक्षात ठेवा; पहिल्याचे कारण बहुधा व्हॉल्व्हचे सील असते, दुसऱ्याचे पिस्टनच्या रिंगा. तेल किलोमीटर पाहून नव्हे तर वर्ष पाहून बदलायचे, कारण थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि ओलावा तेलातच राहतो. काढलेले काळे तेल गेटच्या बिजागरीला लावायचे नाही, गटारात तर नाहीच. डब्यात भरून गॅरेजला परत द्यायचे. आणि ते हाताला लागू द्यायचे नाही, कातडीला ते वाईट असते. हातमोजे डब्याशेजारीच आहेत. ते तुम्ही घालणार नाही हे मला माहीत आहे, तरीही ठेवले आहेत.

आई, डिपस्टिकचा आकडा रविवारी तू मला फोनवर सांग. बाबा सांगतील तेव्हा तो नेहमी "एकदम व्यवस्थित" असतो.

तुमची,
धाकटी

ता. क. पुठ्ठा टाकून देऊ नका. मी त्यावर पेन्सिलीने चौकोन आखून आजची तारीख घातली आहे. दर आठवड्याला नवा डाग कुठे पडतो ते आईने उभ्यानेच पाहावे. तो मागच्या चौकोनात असेल तर काळजी नाही. पुढच्या चौकोनात पडला तर त्याच दिवशी मला कळवा.