‘स्त्री’ निवडल्यावर ॲपमधली केळी गेली कुठे?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : शेती सल्ल्याच्या ॲपमध्ये बाईमाणसाला मिळणाऱ्या वेगळ्या वागणुकीबाबत

स.न.वि.वि.

मी रावेर तालुक्यातली केळी उत्पादक. माझी चार एकर मृगबाग, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेली केळी, आहे, ठिबकवर. सातबारा माझ्या नावाचा आहे. तुमच्या ॲपची वर्षाची वर्गणी मी भरली ती करप्याचा, म्हणजे केळीच्या पानांवरच्या रोगाचा, इशारा आणि रोजचा भाव वेळेवर कळावा म्हणून.

नोंदणी करताना ‘स्त्री’ निवडलं. तेव्हापासून ॲप उघडलं की वर ‘महिला कोपरा’ येतो. त्यात पापड, शिवणकाम, चेहऱ्याची निगा आणि वांग्याच्या भरताची कृती. केळी शोधायला तीनदा बोट सरकवावं लागतं. आधी वाटलं माझंच काही चुकलं असेल. म्हणून मुलाच्या नंबरवरून दुसरं खातं काढलं. गाव तेच, पीक तेच, लागवडीची तारीखही तीच, फक्त ‘पुरुष’ निवडलं. त्याच्या पहिल्याच पानावर हवामान, बाजारभाव आणि करप्याची सूचना! तो इशारा माझ्या मोबाईलवर आलाच नाही. मुलगा हसत होता, मला मात्र हसू आलं नाही. गणपतीनंतर पानांवर ठिपके दिसले तेव्हा फवारणीला आठ दिवस उशीर झालेला होता.

आणि भरीत? खान्देशात बामणोदची वांगी घेऊन मळ्यात भरीत पार्टी होते, तेव्हा काड्यांच्या जाळावर वांगी भाजायला अन् बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचायला गडीमाणसंच पुढे असतात. कृती पाठवायचीच असेल तर त्यांनाही पाठवा.

मदत क्रमांकावर फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, “ताई, मालकांना फोन देता का?” मी म्हटलं, मालकच बोलतेय. तरी त्याने निसवण कधी झाली, म्हणजे घड कधी बाहेर पडले, हे विचारायच्या ऐवजी “घरी कोणी शेती बघणारं आहे का?” असंच विचारलं. त्याचा दोष नाही, त्याला तुम्ही जसं शिकवलं तसं तो बोलला.

तुमची जाहिरातही तशीच आहे. दादा बांधावर मोबाईल बघून निर्णय घेतो आणि वहिनी डबा घेऊन उभी. डबा नेणाऱ्या बाया आहेत, मीही नेते. पण जाहिरात मानक परिषदेने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. असं काम दाखवायला त्यांची हरकत नाही, ते त्याच एका लिंगाचं आहे असं सुचवायला आहे. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ ला दिला, देशाच्या कायद्यात तो २००५ ला आला. माझी जमीन अशीच आलेली आहे. तुमच्या ॲपपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

आता मागणी. पहिलं पान पीक बघून ठरवा, लिंग बघून नको. लिंग विचारायचंच असेल तर कशासाठी ते लिहा आणि उत्तर न देण्याची सोय ठेवा. ‘शेतकरी भाऊ’ ऐवजी नुसतं ‘शेतकरी’ चालेल. आणि माझ्या खात्यावर इशारे का आले नाहीत, याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत द्या. नाही तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा. दोन्हीपैकी काहीच झालं नाही, तर मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

दोन्ही खात्यांच्या पहिल्या पानांचे फोटो सोबत जोडले आहेत. खुलाशासाठी फोन कराल तर माझ्या खात्याच्या नंबरवर करा. सकाळी आठच्या आत, नंतर मी बागेत असते.

आपली,
एक वर्गणीदार
(ता. रावेर, जि. जळगाव)