बंटी सुटून येईल तेव्हा

सिंगापूर

ति. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न.

परवा फोनवर तू विचारलंस, "लष्करातली अग्निवीरची चार वर्षं संपली की आपल्या बंटीचं पुढं काय करायचं?" मी ट्रेनमध्ये होते, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय. पत्राचा एक फायदा, तुला मध्येच तोडता येत नाही.

आमच्या चिनूचं एनएस, म्हणजे सक्तीची नॅशनल सर्व्हिस, संपलं, कॉलेज सुरू झालं. इथं 1967 पासून कायदाच आहे. मुलगा अठराचा झाला की दोन वर्षं लष्करात, नाहीतर पोलिसात किंवा सिव्हिल डिफेन्समध्ये. आमच्यासारख्या पीआरवाल्यांच्या, म्हणजे नागरिक नसून कायमचा राहण्याचा परवाना असलेल्यांच्या, पोरांनाही सुटका नाही. पासपोर्ट भारताचा आणि अंगावर गणवेश सिंगापूरचा! आण्णांचा जन्म आर्टिलरी सेंटरच्या स्टोअरमध्ये गेला, ते असते तर महिनाभर माझ्याशी बोलले नसते.

आम्हाला वाटलं, सुटला म्हणजे पोरगा मोकळा झाला. कसचं काय! सुट्टीच्या दिवशीही पहाटे उठून अंथरूण चापूनचोपून ठेवायचा आणि मग काय करायचं ते सुचत नाही म्हणून त्यावरच बसून राहायचा. एकदा कपाट उघडलं तर मोजे, बनियन, टॉवेल, सगळं वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांमध्ये, आतली हवा दाबून काढलेली. जंगलात भर पावसात रात्र काढायची तर कोरडा जोड हवा, म्हणून ही सवय लावतात. म्हटलं, अरे आता घरात आहेस, डोक्यावर छप्पर आहे. "हो ना," म्हणाला आणि पुढची पिशवी दाबायला लागला.

विद्यापीठ जागा राखून ठेवतं, त्यामुळे प्रवेशाची चिंता नव्हती. पण शाळेत बरोबर असलेल्या मुली तिसऱ्या वर्षाला आणि हा पहिल्या. गणित पार पुसलं गेलेलं. सुरुवातीला फार चिडचिड करायचा. आता बरा आहे.

बरा झाला त्यात आमचं कर्तृत्व काही नाही. इथं सगळेच जातात आणि जवळजवळ सगळेच दोन वर्षांनी परत येतात. टॅक्सीवाला, दुकानदार, नवऱ्याचा साहेब, जो तो विचारतो, "कुठल्या युनिटला होतास?" परत का आलास, असं कुणी विचारत नाही. शिवाय नाळ तुटत नाही. पुढं सरावाच्या दहा फेऱ्या असतात, त्यासाठी वर्षाला जास्तीत जास्त चाळीस दिवस बोलावतात, कंपनी सोडते, बुडालेला पगार सरकार भरून देतं. बूट आणि बॅग अजून आमच्या स्टोअररूममध्ये जागा अडवून बसलेत. कटकटच आहे, पण त्या निमित्ताने जुनी टोळी पुन्हा भेटते.

बंटीचं तसं नाही रे. तो स्वतःच्या हौसेने गेला, कायद्याने ओढून नेलेला नाही, हे मला कळतं. पण चार वर्षांनी 25 टक्क्यांपर्यंतच पोरं कायम ठेवणार, बाकीच्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. म्हणजे तो घरी आला की बिटको चौकापासून भगूरपर्यंत प्रत्येक जण विचारणार, "का रे, तुला नाही ठेवलं?" चारातले तीन परत येणार हे भरतीच्या वेळीच कागदावर लिहिलेलं होतं. त्यात पोराचं काय चुकलं? निदान आपल्या घरातून हा प्रश्न निघायला नको. मोठ्या मामींना आधीच सांगून ठेव, त्या हमखास विचारतील.

सुटताना सेवानिधीचे एकरकमी 11.71 लाख मिळतील म्हणून तू पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघायला लागलास, असं वहिनी म्हणाल्या. दादा, त्यातला निम्मा वाटा दर महिन्याला त्याच्याच पगारातून कापलेला आहे. आधी त्याला तर विचार. आणि तो सिक्युरिटी एजन्सीवाला तुझा मित्र असेल, पण तोफखान्यात तयार झालेल्या पोराला एटीएमच्या दारात स्टुलावर बसवू नकोस.

नुसतं घरी बसू दे, असंही मी म्हणत नाही. आण्णा देवळालीची जुनी गोष्ट सांगायचे, आठवतं? इंग्रजांच्या काळात मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जायला देवळालीच्या छावणीत येऊन थांबायचे. बोटी हिवाळ्यात सुटायच्या, त्यामुळे उन्हाळ्यात सुटलेल्याचे महिनेच्या महिने तिथंच जायचे. ना काम, ना कवायत. दारू, मारामाऱ्या, कुणाकुणाचं तर डोकंच फिरायचं. मला भीती आहे ती या वाट बघण्याची. पोलीस भरतीची जाहिरात निघेल म्हणून बंटी वर्ष-दोन वर्षं नुसता मैदानावर पळत राहील. फॉर्म भरू दे, पळू दे, पण त्याच्या जोडीला पहिल्या महिन्यापासून काहीतरी शिकणं नाहीतर काम हवं. त्याच्या बॅचची सिन्नर-निफाडकडची पोरं असतीलच, त्यांना घरी जेवायला बोलव. तुझ्याशी जे बोलणार नाही ते त्यांच्याशी बोलेल.

आणि वहिनी, लग्नाचा विषय वर्षभर तरी काढू नका. हात जोडते.

चिनू सुट्टीत नाशिकला यायचं म्हणतोय, बंटी आला की लगेच. त्याची गादी बंटीच्याच खोलीत टाका, पाहुण्यासारखी वेगळी सोय नको. पोळ्या मात्र जास्त लाटा, दोघंही चावत नाहीत, गिळतात.

तुझी,
बेबी