फ्लॅट भाड्याने देणाऱ्या सभासदांसाठी सूचना

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ऑफिसात एक भाडेकरार आला. स्टॅम्प पेपर कोरा करकरीत, आत मजकूर ‘भाडे ठरल्याप्रमाणे’. काय ठरलं, देव जाणे! भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 29 नुसार ज्याचा अर्थ निश्चित करता येत नाही, असा करार रद्दबातल ठरतो. दोघांची पूर्ण नावं, फ्लॅट क्रमांक, भाडं, अनामत, मुदत आणि सह्या स्पष्ट हव्यात.

‘अकराच महिने आहेत, नोंदणी कशाला?’ हे चालणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरतात.

सामान लिफ्टमध्ये चढण्याआधी नोंदणीकृत प्रत ऑफिसात द्यावी.

– सचिव