रुमाल सोडण्याआधी थांबायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

मोडी लिपी वाचणारे शोधले तर सापडतात. पण कागद वाचण्याआधी त्याचं काय करायचं, हे टेबलापाशी उभं राहून सांगणारे फार थोडे. आपल्या इतिहास मंडळाच्या ‘घरचं दप्तर घेऊन या’ या, घरातले जुने कागद आणायच्या मेळाव्यांना तुम्ही ते सांगितलंत, म्हणून हे जाहीर पत्र. नुसते आभार मानून थांबवत नाही. तुमची पद्धत इथे लिहून ठेवतो, म्हणजे इतर गावांतल्या मंडळांनाही ती हाताशी राहील.

तुमचा पहिला नियम असा की रुमाल, म्हणजे जुने कागद बांधलेलं फडकं, आणला की लगेच सोडायचा नाही. आधी बांधलेल्या रुमालाचा फोटो, मग गाठ सोडायची, मग कागदांच्या गठ्ठ्याचा वरून आणि बाजूने फोटो. कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे ठेवायचे. लोकांची घाई अशी की सनद कुठली, शिक्क्याचा कागद कुठला, ते आधी उपसून काढायचं. पण सनदेच्या घडीत ठेवलेला किरकोळ हिशेबाचा कपटा बहुधा त्याच जमिनीचा असतो. गठ्ठा विस्कटला की दोघांचं नातं तुटतं आणि कपटा निनावी होतो. क्रमांक कागदावर घालायचा नाही, वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेनने लिहून चिठ्ठी कागदाच्या शेजारी ठेवायची. टेबलावर शाईचं पेन नको, चहाचा कप तर नकोच. हात धुऊन पूर्ण कोरडे केलेले असावेत. हातमोजे घालू नका हा तुमचा आग्रह सुरुवातीला अनेकांना विचित्र वाटला. पण मोज्यात बोटांना कागदाची फाटकी कड जाणवत नाही आणि मोज्याचा धागा त्या कडेला अडकून कागद आणखी फाटतो, हे एकदा दाखवल्यावर प्रश्न मिटला.

घडी कडक झाली असेल तर ती दाबून उलगडायची नाही. टिपकागदावर ठेवून, जेवढी आपोआप उघडते तेवढीच उघडायची आणि वर हलकं वजन ठेवून रात्रभर तशीच राहू द्यायची. घरोघरी याच जागी इस्त्री फिरते किंवा पाण्याचा हात लागतो. जुन्या दप्तरांतली काळी शाई काजळी आणि डिंकाची. उजेडाने ती सहसा फिकी पडत नाही, पण पाणी लागलं की पसरते. इंग्रजी अमदानीतल्या कागदांवरची लोहयुक्त शाई पाण्याला तुलनेने टिकते, मात्र कागदच खात जाते आणि जाड अक्षरांच्या जागी भोकं पडतात. म्हणून दोन काळांचे कागद एकमेकांवर थेट ठेवू नका, मध्ये कोरा आम्लरहित कागद घाला, हे तुम्ही सांगितलंत.

सेलोटेप आणि लॅमिनेशन यांबद्दल तुम्ही जे बोललात ते प्रत्येक घरापर्यंत पोचायला हवं. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशनमध्ये कागद उष्णतेने प्लास्टिकला चिकटतो आणि पुन्हा सुखरूप सुटत नाही. प्रेमापोटी केलेलं हे काम वाळवीइतकंच नुकसान करतं. त्यापेक्षा साधा सुती रुमाल बरा. तोही नवा कोरा नको, दोनदा धुऊन खळ काढलेला हवा, कारण कसरीला खळ आवडते. वेखंडाची पूड घालायची तर पुरचुंडीत बांधून, कागदाला न लागेल अशी. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको. पावसाळ्यात रुमाल सोडायचाच नाही. मेळावा दिवाळीनंतर ठेवायचा तो याचसाठी.

फोटोची रीतही तुमचीच. फ्लॅश बंद, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, मोबाईल स्टँडवर आणि कागदाशी समांतर, चौकटीत सेंटिमीटरची पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी. कागद मागून कोरा दिसला तरी मागचा फोटो काढायचाच. पत्ता, पोचल्याची नोंद, कागद जोडलेल्या सांध्यावरचा शिक्का, हे सगळं मागेच सापडतं. लांब कागद असेल तर एकमेकांवर चार बोटं येतील असे तुकड्यातुकड्याने फोटो.

वाचन यानंतर. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची, त्यामुळे शब्द कुठे संपला ते रेघेवरून कळत नाही. विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नाही. नवशिके पहिल्या ओळीपासून अक्षर-अक्षर लावत बसतात आणि अर्ध्या तासात कंटाळतात. तुम्ही मायन्यापासून सुरुवात करायला लावलंत. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ इथपर्यंतचा मजकूर आधीच ठाऊक असतो, म्हणून त्यातून त्या लेखकाचा अ, ख, ल, ज, र कसा वळतो ते उचलायचं, वहीत त्याच्या हाताची बाराखडी मांडायची आणि मग मधल्या मजकुरात शिरायचं. एका लेखकाची बाराखडी दुसऱ्याला लावायची नाही. न लागलेला शब्द अंदाजाने भरायचा नाही, तिथे टिंबं द्यायची.

दोन उभ्या रेघांची गंमत तर प्रत्येक वर्गात सांगावी लागते. अक्षरापुढे आल्या तर शब्द आखडलेला, म्हणजे ‘रा॥’ हे राजश्री. आकड्यापुढे आल्या तर अर्धा, म्हणजे ‘५॥’ हे साडेपाच. हे चुकलं की साडेपाच रुपयांचा हिशेब पाचशे अकरावर जातो.

तारखांचा तक्ता तुम्ही लिहून दिलात, तो आता भिंतीवर आहे. इसवी सन काढायचा तर शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनाअखेर ७९ मिळवायचे. सुहूर सन ही मराठेशाहीच्या कागदांतली दुसरी कालगणना, तो मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो, सुट्टा आकडा आधी आणि हजार शेवटी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. जानेवारीतली पानिपतची लढाई याच सनातली: ११६१ अधिक ६००, म्हणजे १७६१. शकाने पडताळा, पौष शके १६८२ अधिक ७९, पुन्हा १७६१. दोन्ही जुळले तरच तारीख पक्की. एक खोच मात्र फार कमी लोक सांगतात. सुहूर सन सौर आणि ‘छ’ लावून लिहिलेली मुसलमानी महिन्याची तारीख चांद्र. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे सनाच्या सुरुवातीची एखादी तारीख त्याच सनाच्या शेवटी पुन्हा येऊ शकते. अशा वेळी वार किंवा मजकुरातला प्रसंग पाहिल्याशिवाय इसवी तारीख लिहायची नाही.

संमतीच्या कागदासाठी वेगळे आभार. जुना कागद बाहेर आला की जमीन जाईल किंवा भाऊबंदकी उठेल, ही भीती खरी आहे. मूळ कागद घराबाहेर राहणार नाही, संध्याकाळी मोजून परत. फोटो ठेवायचे की नाही, दाखवायचे की नाही, छापायचे की नाही, याची तीन वेगळी उत्तरं कुटुंबाने द्यायची. आणि आमचं लिप्यंतर अभ्यासापुरतं, सरकारी दाखला म्हणून नाही. या तीन ओळी वर आल्यापासून लोक मोकळेपणाने रुमाल आणतात.

वीरगळांच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांच्या, फेरीला तुम्ही थोडाच वेळ होता, पण तिथेही सांगून गेलात: दगड धुवायचा नाही, शेंदूर खरवडायचा नाही, अक्षरांत खडू किंवा पीठ भरायचं नाही. सूर्य कलल्यावर जायचं, नाहीतर विजेरी दगडाला लागून आडवी धरायची, म्हणजे झिजलेली रेघ सावलीने उठते. आणि चौकटी खालून वर वाचायच्या: लढाई, अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य.

तुमच्या संक्षेपांच्या वहीची स्वच्छ प्रत केली आहे. छापायला देण्याआधी एकदा नजर फिरवावी, विशेषतः जमिनीच्या मापांच्या पानावरून. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चाहूर असं आम्ही लिहिलं आहे. धान्याच्या मापांना गावोगावचा फरक म्हणून शेजारी रिकामा रकाना सोडला आहे.

बहुत काय लिहिणे. लोभ असावा ही विनंती.

आपले,
इतिहास मंडळाचे कार्यकर्ते