विसरतो म्हणून ओरडू नका, आधी तपासा

संपादक साहेब, नमस्कार.

नशेच्या इंजेक्शनची बातमी आली की आपल्याकडं चर्चा एवढीच, पोलिसांनी किती जणांना उचललं. त्या पोरांच्या मेंदूचं काय होतं हे कोणीच विचारत नाय.

आमच्या गल्लीत एकजण आहे, आधी लूमवर कामाला होता, दुसऱ्याची सुई वापरून एचआयव्ही झाला. गोळ्या चालू आहेत, नशा पण सोडलीय, तरी एआरटी सेंटरची (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथली) तारीख विसरतो, सकाळची गोळी घेतली का नाय ते आठवत नाय, आणि घरचे शेजारचे सगळे म्हणणार नशेडीच ओ तो, मुद्दाम करतो.

मुद्दाम नसतं प्रत्येक वेळी. एचआयव्ही लागण झाल्यावर काही आठवड्यांतच मेंदूत पोचतो, गोळ्यांनी रक्तातला व्हायरस दबला तरी मेंदूतली सूज काहींच्यात राहते, त्यात ब्राऊन शुगरचा मार, कधी ओव्हरडोसमध्ये श्वास मंदावून ऑक्सिजन कमी पडलेला, आणि त्याच सुईतून हिपॅटायटिस सी (लिव्हरचा व्हायरस) आला असेल तर तो पण डोक्याला त्रास देतो. मग विसरभोळेपणा येतो, हात मंद चालतात, विसरला की गोळी चुकते, गोळी चुकली की व्हायरस परत वाढतो.

हे बघायला लगेच एमआरआय लागत नाय. २००५ पासून एक साधी टेस्ट आहे. पेशंटला ४ शब्द सांगायचे, मग बोटं पटापट आपटायला लावायची, मग मूठ, तळहात, हाताची कड असं ओळीनं टेबलावर ठेवायला सांगायचं, आणि शेवटी ते ४ शब्द परत विचारायचे. १२ पैकी १० किंवा कमी मार्क पडले तर डॉक्टरनं पुढं नीट तपासायचं (डिप्रेशन असलं, नशेत असला तरी मार्क कमी पडतात, म्हणून लगेच शिक्का मारू नये). दोन-चार मिनिटांचं काम, साहित्य म्हणजे एक घड्याळ. सरकारी एआरटी सेंटरवर सुई घेणाऱ्या प्रत्येकाची ही टेस्ट व्हायला काय हरकत आहे?

आणि ताप, जोराची डोकेदुखी, बरळणं असं काही झालं तर "उतारा लागलाय" (नशा न मिळाल्याचा त्रास) म्हणून घरी झोपवू नका. मेंदूचा टीबी, मेंदूज्वर असू शकतो, तडक दवाखाना गाठा.

तुम्हाला पण एक विनंती, पुढच्या वेळी अशी बातमी छापली तर खाली एचआयव्हीची फुकट हेल्पलाइन १०९७ तेवढी टाका, फोटो नसला तरी चालेल.

एक वाचक, सोलापूर