खिसा दिला पण त्याला दारच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या महिला पुरवणीत ब्लाऊजच्या गळ्यांची डिझाईन येतात ती मी कापून ठेवते, कामाला येतात, पण आज जरा वेगळ्याच कपड्याबद्दल लिहायचंय. मी जळगावात घरीच शिवणकाम करते आणि मुलगी पोलीस भरतीची तयारी करतेय, मुलींना ८०० मीटर असतं ना, म्हणून रोज पहाटे मेहरूण तलावावर पळायला जाते. अंधार असतो तेव्हा, त्यामुळे फोन जवळ असल्याशिवाय तिचे पप्पा घराबाहेर पाय ठेवू देत नाहीत.

आता पळायला ती जी डबल शॉर्ट घालते, म्हणजे आत मांडीला घट्ट बसणारी लायक्रा आणि वरून सैल पातळ चड्डी, ती खरंच चांगली आहे, अंग झाकलं जातं, मांड्या घासत नाहीत, आणि ट्रॅक पँट का नाही घालत म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात आमच्या जळगावात येऊन पळून दाखवावं, दुपारी पारा ४५ ला टेकतो आणि पहाटेही भिंती गरमच असतात. पण खिसा कुठे दिलाय तर आतल्या लायक्राला! फोन काढायचा तर वरची चड्डी पार कमरेपर्यंत उचला. मुलं उचलतात बिनधास्त, त्यांना कोण बघतंय, आणि त्यांना वरच्या चड्डीलाही दोन्हीकडे चेनचे खिसे असतातच. मुलीने चहाच्या टपरीसमोर तसं करायचं का? पहिल्या दिवशी पप्पांचा फोन आला, वाजून वाजून बंद झाला, हिने काही काढला नाही, इकडे आमचा जीव टांगणीला. मग हातात धरून पळायला लागली तर सर ओरडले की एक हात हलतोय आणि एक नुसता धरलाय, अशाने टायमिंग काय येणार.

म्हटलं शिंपीण घरात असून ही वेळ का यावी. आधी वरच्या चड्डीलाच ड्रेसला लावतो तसा साईडचा खिसा लावला. चुकलं माझं. फोन २०० ग्रॅमच्या आसपास असतो, पातळ कपड्यात तो घड्याळाच्या लंबकासारखा हलतो, मांडीवर आपटतो आणि चड्डी एका बाजूने खाली ओढतो, तिसऱ्या दिवशी फोन रस्त्यावर आणि काचेला तडा. म्हणजे कंपनीवाले अर्धे बरोबर आहेत, फोन अंगाला चिकटूनच बसला पाहिजे, खिसा आतच पाहिजे. फक्त त्याला बाहेरून दार पाहिजे.

तेव्हा मला आजोबांची बंडी आठवली. चोपड्याकडचे आमचे आजोबा कापूस विकून घरी आले की बंडीच्या आत हात घालायचे, बघणाऱ्याला वाटावं म्हातारा छाती खाजवतोय, आणि नोटांचं बंडल बाहेर. चोरखिसा! बंडी काढावी लागत नव्हती त्यांना. भाची फॅशन डिझाईन शिकतेय, तिने तर मोबाईलवर दाखवलं की अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बायका घागऱ्याच्या आत कमरेला नाडीने खिसे बांधायच्या आणि वरच्या घागऱ्याला बाजूने चीर ठेवायच्या, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये तसले खिसे ठेवलेत. इतकी जुनी गोष्ट आणि आजच्या शॉर्टमध्ये गायब.

तर मी असं केलं. वरच्या चड्डीची साईडची शिलाई कमरेखाली २ इंचावर उसवायची, ६ इंच, खालच्या काठापर्यंत मुळीच न्यायची नाही. नुसती चीर ठेवली तर पाय उचलला की ती आ वासते (हेही करून बघितलंय), म्हणून आतून दीड इंचाची पट्टी लावायची, पुढचा पदर मागच्यावर चढेल अशी, म्हणजे हात गेला की उघडतं आणि काढला की आपोआप मिटतं. आतला खिसा लायक्राचाच, ४ इंच रुंद आणि ७ इंच खोल, त्याचं तोंड बरोबर चिरीच्या मागे यायला हवं, आणि मांडीच्या पुढे नाही तर बाजूला, किंचित मागे, नाहीतर गुडघा वर आला की फोन टोचतो. साधी शिलाई मारू नका, लायक्रा ताणली की धागा टटकन तुटतो, झिगझॅगच हवी आणि सुई बॉल पॉइंटची, म्हणजे गोलसर टोकाची. चिरीच्या दोन्ही टोकांना टॅक, म्हणजे चीर पुढे उसवू नये म्हणून तिथल्या तिथे पक्के टाके. वेल्क्रो नको, लायक्रा कुरतडून खातं. चेनही नको, पातळ कपडा तिच्याजवळ लाटा मारतो. चावीसाठी मागे कमरपट्टीत छोटा कप्पा केलाय, त्यात काही विशेष नाही.

सासूबाईंनी उलटसुलट करून बघितलं, म्हणाल्या, "हाई काय शे वं, खिसा का बोगदा?" पण आता मुलीच्या बरोबरच्या पाच जणींच्या शॉर्ट माझ्याकडे येऊन गेल्यात. पाव मीटरही कपडा लागत नाही, हात बसला की अर्ध्या तासाचं काम. मग आपल्या जिल्ह्यात शाळांचे कबड्डी-खोखोचे ड्रेस गठ्ठ्याने शिवणाऱ्यांना हे जड आहे का? मुलींच्या मापाचा ड्रेस म्हणजे मुलांचाच ड्रेस, खिसे काढून टाकलेला, असं का असतं ते त्यांनीच सांगावं.

मागे पाण्याच्या टँकरवर पत्र पाठवलं होतं ते तुम्ही अर्ध्यात कापलं होतं. हेही कापा, कापायला माझी हरकत नाही, माझा धंदाच तो आहे, फक्त मापं तेवढी कापू नका.

आपली,
एक वाचक, जळगाव