शेजवलकरांनी पुरस्कार स्वीकारला कधी?

महोदय,

त्र्यं. शं. शेजवलकरांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. इतिहासाच्या प्राध्यापकाची दैनिकाला आठवण झाली, याबद्दल आधी आभार. फोटोही चांगला मोठा छापलात. पण ‘१९६६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार स्वीकारताना ते भारावून गेले’ या वाक्याशी माझा चहा गार झाला. शेजवलकर गेले नोव्हेंबर १९६३मध्ये! ज्याला पुरस्कार मिळाला ते ‘श्रीशिवछत्रपती’ छापून आले तेच मुळी त्यांच्यामागे, १९६४ साली. त्यात आहे ती संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधने. चरित्र लिहायचे राहूनच गेले. लेखकाने पुस्तकाचे नाव पूर्ण वाचले असते तरी भागले असते.

माझ्या चिडण्याला कारण आहे. आमच्या कॉलेजात मराठ्यांचा इतिहास शिकवणारे सर डेक्कन कॉलेजात शेजवलकरांचे विद्यार्थी होते. सेकंड इयरच्या चाचणीत मी ठोकून दिले, ‘भाऊसाहेबांच्या हटवादीपणामुळे पानिपत झाले.’ गाइडात तसेच होते. दहापैकी दोन गुण मिळाले आणि समासात तांबड्या शाईने एकच शब्द : ‘कशावरून?’ मी तावातावाने जाब विचारायला गेलो. सरांनी इतिहासकार राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या जुन्या पत्रांच्या संग्रहाचा पहिला खंड हातात ठेवला आणि यातून हटवादीपणा शोधून आण म्हणाले. तीन आठवडे मी ती पत्रे वाचत होतो. पेशव्यांचे उत्तरेतले अंमलदार गोविंदपंत बुंदेले यांच्याकडे पैशासाठी, रसदेसाठी भाऊसाहेबांचे तगादे, मध्ये भरून वाहणारी यमुना, होड्यांची जमवाजमव. हटवादीपणा काही हाती लागेना. शेजवलकर मोठा दोष नानासाहेब पेशव्यांच्या पदरात घालतात, हे मला फार नंतर कळले. सरांना ते पाठ होते, पण त्यांनी आधी सांगितले नाही. (गुण मात्र वाढवले नाहीत. दोनच राहिले.)

निवृत्त होताना सरांनी चार कपाटे भरून पुस्तके कॉलेजला दिली. त्यात शेजवलकरांचे १९४६चे इंग्रजी ‘पानिपत’ होते. पानोपानी पेन्सिलीच्या नोंदी, काही ठिकाणी तर सर खुद्द शेजवलकरांशीच भांडलेले. गेल्या वर्षी मुद्दाम ते पाहायला गेलो. रजिस्टरात त्या नोंदीवर ‘निर्लेखित’ असा शिक्का. कारणाच्या रकान्यात : ‘जीर्ण. पानांवर लिहिलेले.’ म्हणजे ज्यासाठी ते जपायचे, त्याचसाठी ते रद्दीत गेले. किलोला काय भाव आला, असे विचारले तर उत्तर मिळाले, ‘लेखी अर्ज करा.’ केला. अकरा महिने झाले.

आणि आता त्याच कॉलेजात सरांच्या नावाची कमान उभी राहते आहे म्हणे. बातमी आपल्याच अंकात, पान चारवर. संस्थेच्या अध्यक्षांचे नाव पाच वेळा, सरांचे एकदा, आणि तेही आद्याक्षर चुकवून. कोनशिला अजून कोरायची असेल तर कोरणाऱ्याला आपला अंक दाखवू नये, ही विनंती. कमानीच्या खर्चात ग्रंथालयाला एक कपाट आणि एक कोरडी खोली मिळाली असती, असे मी तिथल्या सभेत बोललो. टाळ्या पडल्या. ठराव कमानीचाच झाला.

जाता जाता एक. जूनमधले माझे पत्र आपण निम्मे छाटलेत, त्यामुळे ज्या गोष्टीला माझा विरोध होता तिचा मी समर्थक ठरलो; अभिनंदनाचे दोन फोनही आले. राशिभविष्याला अर्धे पान लागते, हे मला समजते. या वेळी जागा कमी पडली तर कमानीवरचा मजकूर खुशाल काढा. १९६३, १९६४ आणि १९६६ हे तीन आकडे तेवढे राहू द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
(नाव छापू नये. अर्जाचे उत्तर यायचे आहे.)